लहान मोटरबोटीची बॅटरी बदलताय? दुकानात जाण्याआधी हे करा

ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी गायमुख, कोलशेत, ऐरोली, वाशी, दिवाळे, बेलापूर अशा कुठल्या तरी धक्क्याजवळ तुमची १५ ते २० फुटी फायबर बोट उभी आहे. मागे २५ ते ६० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन आहे आणि बॅटरी कुरकुर करायला लागली आहे. बॅटरीच्या दुकानात पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" तुम्ही "बोट" म्हणालात की दुकानदार क्षणभर थांबतो आणि हाताशी असलेली सगळ्यात मोठी बॅटरी पुढे करतो. ती बहुतेक वेळा इन्व्हर्टरची असते आणि बोटीसाठी सगळ्यात चुकीची असते. म्हणून काय हवंय ते घरातून कागदावर लिहूनच निघायचं.

खालच्या पायऱ्या १२ व्होल्टच्या बोटींसाठी आहेत.

काय जवळ हवं

कागदपत्रं: इंजिनाचं मॅन्युअल (त्यात बॅटरीचं एक पान असतंच), जुन्या बॅटरीच्या लेबलाचा आणि टर्मिनलच्या बाजूचा फोटो, बॅटरी बॉक्सची आतली लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, जुनं बिल आणि वॉरंटी कार्ड.

हत्यारं: डिजिटल मल्टिमीटर, १० आणि १३ नंबरचे पाने, तारेचा ब्रश, खाण्याचा सोडा, व्हॅसलीन, रबरी हातमोजे, गॉगल. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायचं साधन).

१. आधी बॅटरीच गेली आहे का ते तपासा

खाडीतल्या बोटींवर "बॅटरी गेली" या तक्रारीमागे पुष्कळदा सडलेलं टर्मिनल किंवा आतून काळी पडलेली केबल निघते. नवीन बॅटरी टाकली की आठ-पंधरा दिवस बरं चालतं आणि मग पुन्हा तेच.

बॅटरी पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी मल्टिमीटर लावा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.६ व्होल्ट किंवा जास्त दिसलं तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२ च्या आसपास म्हणजे तळाला गेलेली. पूर्ण चार्ज करूनही सकाळी १२.४ च्या खाली उतरत असेल तर तिचे दिवस भरले.

व्होल्टेज चांगलं असेल तर पुढची परीक्षा सेल्फ मारतानाची. गिअर न्यूट्रलला ठेवा. किल स्विचचा (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाचा) दोरा काढला की बहुतेक आउटबोर्ड फिरतात पण चालू होत नाहीत. दुसऱ्या कुणाला पाच-सात सेकंद चावी फिरवायला सांगा आणि तुम्ही मीटर बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर धरा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर. आकडा ११ च्या आसपास टिकला आणि तरीही इंजिन रडत फिरतंय, तर दोष केबलमध्ये आहे. मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटावर) आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरून पुन्हा सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची जोडणी खराब आहे. ब्रश आणि नवीन लग (केबलच्या टोकाचं धातूचं कडं) यांत काम भागेल.

तिसरी गोष्ट गळतीची. सगळं बंद करून निगेटिव्ह केबल काढा आणि मीटर मिलिअँपिअरवर ठेवून केबल व खुंट यांच्यामध्ये जोडा. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका. म्युझिक सिस्टिमची मेमरी वगैरे धरून ३० ते ५० मिलिअँपिअरपर्यंत चालतं. हे थोडं वाटतं, पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास, बॅटरीतला साठा मोजायचं माप) आणि महिन्याला ३६ एएच. महिनाभर नुसत्या उभ्या असलेल्या बोटीत निम्मी बॅटरी अशीच संपते.

२. बॅटरीचं काम ठरवा

बोटीवर दोन वेगळी कामं असतात आणि त्यांना लागणाऱ्या बॅटऱ्याही वेगळ्या.

पहिलं काम इंजिन चालू करणं. स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, पण दोन-तीन सेकंदच. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे एका एएचचा फक्त आठवा भाग. इथे साठा लागत नाही, झटका लागतो. म्हणून स्टार्टिंग बॅटरीत पातळ आणि पुष्कळ प्लेट असतात.

दुसरं काम दिवे, फिश फाइंडर, रेडिओ, पंप, म्युझिक आणि मोबाईल चार्जिंग तासन्‌तास चालवणं. याला डीप सायकल बॅटरी लागते, जाड प्लेटची. स्टार्टिंग बॅटरी अशी पुन्हा पुन्हा खाली उतरवली की तिच्या प्लेटवरचा थर गळतो आणि काही डझन वेळांत ती मरते. उलट डीप सायकल बॅटरीला सेल्फ मारायला लावलं तर त्याच एएचमध्ये झटका कमी पडतो.

फक्त तास-दीड तासाचा फेरफटका, दिवे आणि पंप एवढंच असेल तर एकच चांगली स्टार्टिंग बॅटरी पुरे. गळ टाकून इंजिन बंद करून बसणार असाल किंवा संध्याकाळनंतर परतणार असाल, तर दोन वेगळ्या बॅटऱ्या ठेवा. एकाच बॅटरीत दोन्ही कामं करणारा "ड्युअल पर्पज" प्रकार मिळतो, पण तो तडजोडीचा आहे. जागा नसेल तरच घ्या.

आपल्या खाडीत दुसऱ्या बॅटरीला आणखी एक कारण आहे. उधाणाला भरती आणि सुकती यांतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीत इंजिन चालू झालं नाही की बोट चिखलात बसते आणि पुन्हा पुरेसं पाणी यायला पाच-सहा तास जातात. एवढा वेळ नांगराचा दिवा, रेडिओ आणि फोन चालू राहिले पाहिजेत आणि भरती आल्यावर सेल्फही लागला पाहिजे. एका बॅटरीवर हे दोन्ही साधणं कठीण.

३. लेबल वाचायला शिका

नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. लेबलावर एक मोठा आकडा असतो आणि सगळे तोच बघतात.

*एएच.* हा साठा आहे, पण तो किती तासांत रिकामा करून मोजला ते शेजारी लिहिलेलं असतं. सी२० म्हणजे वीस तासांत. १०० एएच सी२० ची बॅटरी ५ अँपिअर वीस तास देईल. २५ अँपिअर चार तास मात्र देणार नाही, कारण वेगाने उपसलं की लेड-ॲसिड बॅटरी कमी देते. सोलरच्या बॅटऱ्यांवर बहुधा सी१० लिहिलेलं असतं, गाडीच्या बॅटऱ्यांवर सी२०. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करायची नाही.

*रिझर्व्ह कपॅसिटी.* २५ अँपिअरचा भार देऊन बॅटरी १०.५ व्होल्टला यायला किती मिनिटं लागली, तो आकडा. १२० मिनिटं लिहिलं असेल तर त्या भाराला ती ५० एएच देते. मिळाला तर हा आकडा एएचपेक्षा खरा समजा.

*सीसीए (कोल्ड क्रँकिंग अँपिअर).* उणे १८ अंशांवर ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देते ते. ठाण्यात उणे १८ कुठून येणार, हा प्रश्न बरोबर आहे. तरी हा आकडा बघायचा, कारण झटक्याची ताकद तोलायचं ते सर्वमान्य माप आहे आणि इंजिन कंपनी कमीत कमी किती हवं ते याच मापात सांगते. ४० ते ६० हॉर्सपॉवरच्या आउटबोर्डना साधारण ३५० ते ४५० सीसीए लागतात. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच घ्या.

*एमसीए.* तीच परीक्षा शून्य अंशावर. एकाच बॅटरीचा एमसीए आकडा सीसीएपेक्षा वीस-पंचवीस टक्के मोठा असतो. मॅन्युअल "४५० सीसीए" म्हणतंय आणि तुम्ही "४५० एमसीए" घेऊन आलात तर बॅटरी कमी पडली.

लेबलावर सीसीए नसेलच तर दुकानदाराला त्या मॉडेलची डेटा शीट फोनवर दाखवायला सांगा. दाखवता आली नाही तर ती बॅटरी स्टार्टिंगसाठी घेऊ नका.

४. किती एएच, याचा हिशेब

प्रत्येक उपकरणाचे अँपिअर गुणिले तास. अंदाजासाठी आकडे असे: एलईडी नेव्हिगेशन दिवे मिळून अर्धा ते एक अँपिअर (जुने बल्ब असतील तर प्रत्येकी जवळजवळ तेवढेच), फिश फाइंडर अर्धा ते एक, व्हीएचएफ रेडिओ ऐकताना अर्धा आणि बोलताना पाच-सहा, मध्यम बिल्ज पंप (बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा) तीन-चार, म्युझिक दोन-तीन, मोबाईल चार्जर एक-दोन.

समजा सहा तास बाहेर आहात. दिवे दोन तास म्हणजे २ एएच, फिश फाइंडर सहा तास ५, रेडिओ ४, पंप एकूण तासभर ४, म्युझिक आणि चार्जिंग मिळून चार तास १२. बेरीज २७.

लेड-ॲसिड बॅटरी निम्म्यापेक्षा खाली नेली की आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून दुप्पट करा: ५४. दोन वर्षांनी ती नव्यासारखी राहणार नाही, म्हणून वीस टक्के वाढवा: ६५. बाजारात ६५ एएचचं माप सहज मिळतं, तेवढं पुरे. १५० एएच घेऊन काय होतं, तर लहान आउटबोर्ड ती कधीच भरू शकत नाही. अर्धी रिकामी राहणारी मोठी बॅटरी पूर्ण भरणाऱ्या लहान बॅटरीच्या आधी जाते.

इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर (बोट हळू सरकवणारी छोटी मोटर) असेल तर हिशेब वेगळा. ५५ पाउंड जोराची मोटर पूर्ण वेगाला ५० अँपिअरपर्यंत खेचते. तिला स्वतंत्र बॅटरीच द्या.

५. प्रकार निवडा

*झाकणं उघडणारी साधी लेड-ॲसिड.* स्वस्त, उष्णता सोसणारी, पाणी घालता येणारी. जास्त चार्ज झालं तरी माफ करते. ॲसिड सांडू शकतं, म्हणून बॉक्स लागतोच. स्टार्टिंगसाठी अजूनही उत्तम पर्याय.

*मेंटेनन्स फ्री.* आत द्रव ॲसिडच, फक्त झाकणं बंद. पाणी उडालं तर घालता येत नाही. इंजिनाचं चार्जिंग नीट असेल तरच घ्या.

*एजीएम.* ॲसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेलं असतं. सांडत नाही, लाटांचे दणके सोसते, पडून राहिली तरी कमी उतरते. भरलेली असताना १२.८ च्या वर दाखवते. आतल्या दिव्या-रेडिओच्या बॅटरीसाठी आमची पहिली पसंती हीच. मात्र जास्त व्होल्टेज मिळालं की ती सुकते आणि मग इलाज नाही.

*यूपीएसची सीलबंद बॅटरी.* हीसुद्धा बहुधा एजीएमच, पण सतत चार्जरला जोडून ठेवण्यासाठी बनवलेली. रोज उतरवण्या-चढवण्यासाठी नाही. दिव्यांसाठी चालून जाईल, सेल्फसाठी नाही, कारण तिची छोट्या नट-बोल्टची टर्मिनलं तेवढा करंट सोसत नाहीत. जिथे ऑफिसं भरपूर, तिथे यूपीएसमधून काढलेल्या बॅटऱ्या "जवळजवळ नवीन" म्हणून फिरतात. त्या कितीही स्वस्त असोत, घेऊ नका.

*इन्व्हर्टरची ट्युब्युलर.* १५० एएचची बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते. उंच, आत भरपूर ॲसिड, वरच्या बुचांतून सांडणारी. घराच्या कोपऱ्यात स्थिर उभी राहण्यासाठी ती आहे. बोटीवर नको.

*ई-रिक्षाची बॅटरी.* हिच्याबद्दल हमखास विचारलं जातं, कारण किंमत बरी आणि प्रकार खरोखरच डीप सायकल. पण पंचवीस-तीस किलो वजन आणि उघडं ॲसिड. १८ फुटांच्या आतल्या बोटीत ती मागे ठेवली की ट्रान्सम (इंजिन बसवलेली मागची बाजू) खाली बसतो.

*लिथियम.* बोटीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, १२.८ व्होल्ट, चार सेल ओळीत, हाच प्रकार घ्या. १०० एएचला वजन साधारण ११ ते १३ किलो आणि ८०-९० टक्के साठा वापरता येतो. पण तीन अटी आहेत. पहिली, बरेच आउटबोर्ड उत्पादक लिथियमवर सेल्फ मारायला परवानगी देत नाहीत, तेव्हा मॅन्युअल बघा. दुसरी, आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) इंजिन चालू असताना अचानक जोडणी तोडली तर अल्टरनेटरचा झटका रेक्टिफायर जाळू शकतो. म्हणून ती थेट इंजिनाला न जोडता स्टार्टिंग बॅटरीतून डीसी-डीसी चार्जरने भरा. तिसरी, पॅक पाण्यापासून बंदिस्त हवा. गल्लीत असेंबल केलेले, श्रिंक गुंडाळलेले पॅक खाऱ्या हवेत टिकत नाहीत. आमचं मत स्पष्ट आहे: ट्रोलिंग मोटर असेल तर लिथियम पैसे वसूल करतं, नुसत्या दिव्यांसाठी नाही.

आणि वजन. इथल्या बहुतेक धक्क्यांवर विजेचा पॉइंट नसतो, म्हणजे चार्जिंगला बॅटरी घरी न्यावी लागते. सुकतीला शेवाळलेल्या पायऱ्यांवरून ती तुम्हीच उचलणार आहात. सतरा-अठरा किलोच्या पुढची बॅटरी, वर हँडल नसलेली, म्हणजे पाय घसरण्याला आमंत्रण.

६. इंजिन किती आणि कसं चार्ज करतं

नवीन बॅटरी वर्षात का मेली, याचं उत्तर बहुधा इथे असतं. इंजिन ३००० आरपीएमला नेऊन बॅटरीवर मीटर धरा. १३.८ ते १४.६ दिसलं तर ठीक. १३.२ च्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर जात असेल तर इंजिनात रेग्युलेटर (व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) नाही किंवा तो गेला आहे. जुन्या, रेग्युलेटर नसलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांना साधी, पाणी घालता येणारी बॅटरीच लावा. एजीएम आणि मेंटेनन्स फ्री तिथे सुकून जातील.

लहान आउटबोर्ड पूर्ण वेगाला दहा-पंधरा अँपिअर देतं आणि हळू चालताना फार कमी. फ्लेमिंगो बघायला खाडीत कूर्मगतीने फिरलात तर बॅटरी भरत नाही, उलट थोडी उतरते. म्हणून घरी तीन टप्प्यांचा स्मार्ट चार्जर ठेवा. त्याचे अँपिअर बॅटरीच्या एएचच्या दहा ते पंधरा टक्के: ६५ एएचला ६ ते १० अँपिअर. त्यावर तुमच्या बॅटरीच्या प्रकाराचा पर्याय हवाच. लिथियमला डिसल्फेशन मोड (प्लेटवरचं सल्फेट काढणारा) कधीही लावायचा नाही. चार्जिंग गॅलरीत करा, बंद खोलीत नको, कारण लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगीने भडका उडतो.

बोट पाण्यातच राहत असेल तर २० वॉटचं सोलर पॅनेल आणि छोटा कंट्रोलर लावा. चांगल्या उन्हात दिवसाला चार-पाच एएच मिळतात. गळती आणि नैसर्गिक उतरण भरून निघते.

७. माप आणि टर्मिनल

जपानी पद्धतीचं नाव असलेली बॅटरी असेल, उदा. ५५बी२४एल, तर त्यातलं "बी" हे रुंदी-उंचीचं माप (रुंदी १२९ मिलिमीटर), "२४" म्हणजे लांबी साधारण २४ सेंटिमीटर आणि "एल" म्हणजे टर्मिनलची बाजू तुमच्याकडे केली की पॉझिटिव्ह उजवीकडे. "आर" म्हणजे उलट. "डी" मापाची रुंदी १७३. बाजू चुकली तर केबल पोचत नाही, आणि ओढून-ताणून बसवली की एके दिवशी शॉर्ट होते.

एक बारीक सापळा: बी मापाच्या पुष्कळ बॅटऱ्यांचे खुंट बारीक असतात. जुन्या जाड खुंटाचा क्लॅम्प त्यावर कितीही आवळला तरी हलतो. लोक मध्ये पत्र्याचा किंवा शिशाचा तुकडा कोंबतात. खाऱ्या हवेत तो महिन्याभरात हिरवा होतो आणि सेल्फ लागत नाही. जाड खुंटाची आवृत्ती मागा किंवा क्लॅम्प बदला.

बोल्टची टर्मिनलं असतील तर विंग नट काढून साधे षटकोनी नट आणि लॉक वॉशर लावा. दणक्यांनी हाताने आवळलेला नट सैल होतो, आणि इंजिन चालू असताना टर्मिनल सुटलं तर इलेक्ट्रॉनिक्स जळतं.

८. दुकानात

अ) मल्टिमीटर सोबत न्या. नवीन बॅटरी काहीही न जोडता मोजा. साधी १२.५ च्या खाली किंवा एजीएम १२.७ च्या खाली असेल तर दुसरी मागा. "चार्ज करून देतो" हे उत्तर नको. शेल्फवर उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटवर सल्फेट बसलेलं असतं.

आ) उत्पादनाचा महिना विचारा. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, दुकानदाराला तो वाचून दाखवायला लावा. सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका. इथल्या उकाड्यात गोदामातली बॅटरी लवकर उतरते.

इ) लोड टेस्ट करायला सांगा. सीसीएच्या निम्मा भार १५ सेकंद, आणि व्होल्टेज ९.६ च्या वर राहिलं पाहिजे.

ई) वॉरंटी. गाडीच्या बॅटरीची वॉरंटी गाडीच्या नंबरावर नोंदवतात. "तुमच्या कारचा नंबर द्या, चालून जाईल" असं सुचवलं जातं. बॅटरी बोटीवर वापरली हे कळलं की दावा फेटाळायला तेवढं पुरतं. बोटीवर वॉरंटी लागू आहे का ते कार्डावरच्या अटींत वाचा, दुकानदाराकडून बिलावर "बोटीसाठी" लिहून घ्या आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. वॉरंटीतली किती मुदत पूर्ण बदलून देण्याची आणि किती प्रमाणात सूट देण्याची, तेही विचारा. कार्डावरचे ४८ महिने बहुधा या दोन्हींची बेरीज असते.

उ) दोन बॅटऱ्या समांतर जोडणार असाल तर एकाच दिवशी, एकाच मॉडेलच्या आणि एकाच बॅचच्या घ्या. जुनी-नवी जोडी लावली की जुनी नवीला खाली ओढते.

९. बसवताना

काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना उलट. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा.

बॉक्स तळाच्या बिल्जमध्ये नको, त्याच्या वर हवा. लेड-ॲसिड बॅटरीत खारं पाणी शिरलं की क्लोरीन वायू निघू शकतो. बॉक्स वर हवेशीर असावा आणि पट्ट्याने असा आवळावा की बॅटरी कुठल्याही दिशेला २५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलणार नाही. पॉझिटिव्हवर रबरी टोपी लावा.

आतल्या वायरिंगचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. वायर टिन्ड कॉपरची. साधी तांब्याची वायर इथे आवरणाच्या आतून काळी पडते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मुंबईतल्या लोहार चाळीत (विजेच्या सामानाच्या बाजारात) "टिन्ड" म्हणून मागितली तर मिळते, न मागता नाही.

बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच (पाणी वाढलं की पंप आपोआप चालू करणारा) मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजसह, थेट बॅटरीला जोडा. नाहीतर मुख्य स्विच बंद करून घरी गेलात की पंपही बंद.

दोन बॅटऱ्या असतील तर मध्ये व्होल्टेज बघून जोडणारा रिले टाका. तो १३.३ च्या आसपास दोघींना जोडतो आणि १२.८ ला तोडतो. हाताने फिरवायचा "१-२-दोन्ही" स्विचही चालतो, पण तो "दोन्ही"वर विसरला की दोन्ही बॅटऱ्या उतरतात. इंजिन चालू असताना तो "ऑफ"वरून फिरवायचा नाही.

सगळं आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा थर. आवळण्याआधी नाही.

१०. देखभाल आणि पावसाळा

साध्या बॅटरीत महिन्यातून एकदा पाणी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि चार्ज झाल्यानंतर. एसीचं टपकणारं पाणी फुकट मिळतं म्हणून घालतात. त्यात धूळ आणि कॉइलच्या धातूचे अंश असतात. आरओचं पाणीही नको. टर्मिनलवरची भुकटी सोड्याच्या पाण्याने धुवा, पण ते पाणी बुचांतून आत जाऊ देऊ नका.

जून ते सप्टेंबर बॅटरी बोटीवर ठेवायची नाही. ताडपत्री उडून मुसळधार पावसात पंप रात्रभर चालतो, बॅटरी संपते, मग बोट भरते. बोट वर ओढून, ड्रेन प्लग काढून ठेवा आणि बॅटरी घरी आणा. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. लिथियम मात्र निम्मी भरून ठेवा. सिमेंटच्या फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते असं आजही सांगतात. प्लास्टिकच्या डब्याच्या आजच्या बॅटऱ्यांना ते लागू नाही, खुशाल ठेवा. लहान मुलांचा हात पोचणार नाही एवढं बघा.

११. जुनी बॅटरी

बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियम २०२२ नुसार वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही. ती वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्याकडे द्यावी लागते. सोपा मार्ग म्हणजे नवीन घेताना तिथेच देणं. शिशाला भाव असतो, म्हणून लेड-ॲसिड बॅटरीचे वजनावर पैसे मिळतात. वजन तुमच्यासमोर करायला सांगा आणि ती रक्कम बिलावर वेगळी दाखवायला लावा, नाहीतर "एक्स्चेंज ऑफर" म्हणून तुमचेच पैसे तुम्हाला सूट म्हणून दिले जातात. ॲसिड ओतून रिकामी करून नेऊ नका, भंगारवाल्यालाही तसं करू देऊ नका. लिथियमला दारावरचा भंगारवाला चालणार नाही. देण्याआधी तिच्या टर्मिनलवर चिकटपट्टी लावा.